कचऱ्याला परीक्षक आहे, म्हाताऱ्यांना कोण?



आपल्या इंदूरने २०१७ ते २०२३ सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक मिळवला. आम्हांला त्याचा अभिमान आहे. पण हा क्रमांक मिळाला कसा, ते जरा आठवा. नगर निगमाने स्वतःच स्वतःला गुण दिले नाहीत. बाहेरची माणसे आली, त्यांनी गल्ल्या पाहिल्या, शौचालये पाहिली, नागरिकांना विचारले, आणि निकाल साऱ्या देशासमोर लागला. परीक्षक बाहेरचा होता, म्हणूनच सगळे कामाला लागले.

आता दुसरी आठवण. २९ जानेवारी २०२१. याच निगमाच्या ट्रकमधून बेघर म्हातारी माणसे गाठोड्यांसकट शहराबाहेर शिप्रा गावाजवळ रस्त्याच्या कडेला उतरवली गेली. ऐन थंडीत. गावकऱ्यांनी हटकले, मोबाइलवर चित्रण केले, तेव्हा त्यांना पुन्हा ट्रकमध्ये चढवले. गाजावाजा झाला. मुख्यमंत्र्यांनी उपायुक्ताला निलंबित केले, खालच्या कर्मचाऱ्यांची नोकरी गेली, कलेक्टरांनी खजराण्याच्या गणपतीपुढे जाऊन क्षमा मागितली.

देवाची क्षमा मागितली, ठीक. पण त्या गावकऱ्याच्या हातात मोबाइल नसता तर? ती माणसे कोणत्या रजिस्टरात होती, कुठे गेली, हे कोणी आणि कधी तपासले असते? आमचा प्रश्न एवढाच आहे, आणि त्याचे उत्तर आजवर मिळालेले नाही.

आम्ही बँकेत नोकरी करणारी माणसे. आमच्याकडे ज्याने व्हाउचर बनवले त्याने ते पास करायचे नाही, हा पहिला धडा. तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे. वर ऑडिटर येतो, कधी न सांगता येऊन रोकड मोजतो. म्हणून कॅशियर चोर ठरत नाही. उलट प्रामाणिक कॅशियरला ऑडिटरचाच आधार असतो. शंभराची नोट कमी पडली तर संध्याकाळी घरी जाता येत नाही. आणि रैनबसेऱ्यातले एक म्हातारे माणूस कमी पडले तर? तिथे ठेका देणारे निगम, पैसे देणारे निगम, आणि सर्व ठीक आहे असा शेरा मारणारेही निगमच!

कायदा नाही असे नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांची सोय असणारा एक वृद्धाश्रम असावा असे लिहिले आहे. पण राज्य सरकार तो काढू ‘शकेल’, असे शब्द आहेत. काढलाच पाहिजे असे नाही. वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा यांसाठी २०१९ च्या डिसेंबरात लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडले गेले. ते मंजूर झाले नाही आणि २०२४ मध्ये लोकसभेबरोबरच बारगळले. त्याच वर्षी जुलैत इंदुरातल्या एका आश्रमात दिव्यांग मुले दगावली, तेव्हा अधिकारी धावत गेले. आपल्याकडे तपासणी येते ती अशी, तिरडीच्या मागून.

कोणी म्हणेल, जगात कुठे असते हो असे? आपल्यापैकी अनेकांची मुले-सुना इंग्लंडात आहेत, त्यांना विचारा. तिथे वृद्धांची आणि अपंगांची काळजी घेण्याची जबाबदारी स्थानिक कौन्सिलची. त्या कौन्सिलांची दरवर्षी होणारी तपासणी २०१० साली बंद झाली. तेरा वर्षे तशीच गेल्यावर चूक उमगली. २०२२ च्या कायद्याने केअर क्वालिटी कमिशन या वेगळ्या संस्थेला अधिकार दिला आणि एप्रिल २०२३ पासून तो लागू झाल्यावर कौन्सिलांना पुन्हा श्रेणी मिळू लागली : उत्कृष्ट, चांगली, सुधारणा हवी, अपुरी. अहवाल कोणीही वाचावा. तिथेही सारे आलबेल नाही. २०२४ साली खुद्द त्या कमिशनच्याच कारभारात गंभीर दोष निघाले. पण ते उघडे केले तेही सरकारने नेमलेल्या स्वतंत्र पाहणीने. तपासनीसालाही तपासणारा हवा, हाच त्यातून घ्यायचा धडा.

‘सेवाभावी माणसांवर अविश्वास कशाला?’ असे आपलेच काही ज्येष्ठ सभासद म्हणतात. त्यांचा मान राखून सांगतो, सेवाभाव मोठा, पण चादर धुतली की नाही ते सेवाभावावरून कळत नाही, चादर पाहूनच कळते. आणि दोष आपलाही आहे. आपण दरवर्षी फळे वाटायला जातो. आठ दिवस आधी फोन करतो, फोटो काढतो, तासाभरात परततो. मागच्या खेपेला एका आजींनी आमचा हात धरून विचारले, पुन्हा कधी येणार? आम्हांला भरून आले. मग त्या हळूच म्हणाल्या, तुम्ही यायचे असता त्या दिवशी चादरी बदलतात. त्या दिवसापासून आम्हांला आमच्याच फोटोंची लाज वाटते.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एक, निगमाचे रैनबसेरे आणि अनुदानावर चालणारे सर्व वृद्धाश्रम यांची तपासणी निगमाच्या हाताखाली नसलेल्या मंडळाने वर्षातून किमान दोनदा, न कळवता करावी. दोन, तिथे राहणाऱ्यांशी व्यवस्थापकाला बाहेर ठेवून बोलावे. तीन, अहवाल हिंदीत आणि मराठीत दारावर लावावा. चार, दोष दूर करायची तारीख त्यातच लिहावी आणि त्या तारखेला पुन्हा येऊन पाहावे.

यासाठी फार पैसा लागत नाही. एका सत्कार समारंभाचा मांडव कमी घातला तरी पुष्कळ होईल. पुढच्या निवडणुकीत जो पार्षदपदाचा उमेदवार आपल्या दारी येईल, त्याला चहा अवश्य पाजा, पण या चार मागण्यांवर लेखी होकार घेतल्याशिवाय मताचा शब्द देऊ नका. तो मराठी असला तरीही.

अहिल्याबाई दरबारात बसून स्वतः रयतेची गाऱ्हाणी ऐकत. त्यांच्या जयंतीला आपण हार घालतो. त्यांच्या शहरात म्हाताऱ्यांचे गाऱ्हाणे ऐकायला बाहेरचा एक माणूसही येत नसेल, तर तो हार कोणत्या तोंडाने घालायचा?