कचरेवाला झाला चर्चचा वॉर्डन

विनोदी चित्रपटात लोक कोणाला हसतात, हे आम्ही आधी पाहतो. जुने इंग्रजी विनोदपट पाहतानाही ही खोड जात नाही.

जून १९४८ मध्ये 'एम्पायर विंडरश' जहाजातून कॅरिबियन बेटांवरची माणसे इंग्लंडात उतरली. पुढच्याच वर्षी 'पासपोर्ट टू पिम्लिको' निघाला. लंडनची एक वस्ती स्वतंत्र राज्य होते, अशी बहारीची कथा. दुकानदार, बँकवाला, पोलीस, सारे आहेत. या नव्या शेजाऱ्यांना मात्र मुख्य पात्रांत जागा नाही.

१९६० च्या 'द मिलियनेअरेस'मध्ये भारतीय डॉक्टर आला. लंडनच्या गोरगरिबांना तपासणारा, सोफिया लॉरेनच्या पैशाला न भुलणारा. पण तो होता पीटर सेलर्स, तोंडाला रंग फासलेला! माणूस सज्जन दाखविला, हशा मात्र त्याच्या उच्चारांवर.

मग १९६३ चा बोल्टिंग बंधूंचा 'हेवन्स अबव्ह!'. गरिबांचा कैवारी पाद्री नामसाधर्म्यामुळे चुकून श्रीमंत गावात नेमला जातो. (आम्ही कारकून. अशा चुकीची किंमत आम्हाला विचारा!) तो कचरा उचलणाऱ्या कृष्णवर्णीय मॅथ्यूला चर्चचा वॉर्डन, म्हणजे मानाचा कारभारी, नेमतो. एका भटक्या कुटुंबाला स्वतःच्या बंगल्यात आसरा देतो. गाव खवळते. येथे हसू उलटते. कचरेवाल्याला कोणी हसत नाही, नाक मुरडणाऱ्या प्रतिष्ठितांनाच हसावे लागते. शिवाय मॅथ्यूच्या भूमिकेत रंग फासलेला गोरा नट नाही. ती केली अमेरिकेच्या ब्रॉक पीटर्स यांनी. 'टू किल अ मॉकिंगबर्ड' (१९६२) मध्ये खोट्या आरोपाला बळी पडणारा टॉम रॉबिन्सन तो हाच.

तरी आमची तक्रार आहेच. पाद्री पुन्हा सेलर्स, आणि कथाही त्याचीच. मॅथ्यूला मान मिळतो तो पाद्र्याच्या मर्जीने. वरून दिलेला मान साहेबाची बदली होताच कसा जातो, हे आम्ही कचेरीत पाहिले आहे.

'मिलियनेअरेस'च्या प्रसिद्धीसाठी सेलर्स-लॉरेन यांनी 'गुडनेस ग्रेशस मी' हे गाणे गायिले होते. तेच नाव विलायतेतल्या दक्षिण आशियाई कुटुंबांतील कलावंतांनी उचलले आणि बीबीसीवर १९९६ पासून रेडिओला, १९९८ पासून टीव्हीला आपला विनोदी कार्यक्रम केला. त्यात भारतीय मित्रांची टोळी इंग्रजी खाणावळीत जाते, जेम्स नावाच्या वेटरचे नाव हवे तसे मोडून हाक मारते, आणि सर्वांत बेचव पदार्थ कोणता, असे त्यालाच विचारते.