सातवीच्या मुलांना आधी शाळा दाखवा



‘जिल्हा परिषद शाळेतून आठवीत येणारी मुले कच्चीच असतात’ हे माध्यमिक शिक्षकाचे पत्र वाचले. मला ते अजिबात पटले नाही. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरचे मूल सातवीपर्यंत एक-दोन गुरुजींकडेच सगळे विषय शिकते. अडले की वही घेऊन थेट टेबलापाशी जाते. आठवीत दर तासाला शिक्षक बदलतात, सेमी-इंग्रजीची तुकडी मिळाली तर गणित-विज्ञान इंग्रजीतून. घरी कोकणा बोलणारी मुलगी मग तोंडच उघडत नाही. तिला येत नाही असे नव्हे, विचारायचे कोणाला हेच तिला कळत नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शिक्षण आठवीपर्यंत मानले, तरी अनेक गावांत शाळा सातवीलाच संपते. आठवीसाठी दुसऱ्या गावी जाणाऱ्या मुलींना एसटीचा मोफत पास आहे. तो कसा काढायचा, हे सातवीतच सांगायला हवे.

एप्रिलमध्ये या मुलांना एक दिवस नव्या शाळेत बसवा. वेळापत्रक, प्रयोगशाळा, मुलींचे स्वच्छतागृह दाखवा. दाखल्यासोबत जुन्या वर्गशिक्षकाची चिठ्ठी घ्या: मूल कशात रमते, कुठे अडते. पत्रलेखकांनी तारीख कळवावी, मुलांना आम्ही घेऊन येतो.

– एक प्राथमिक शिक्षिका, नाशिक