आधी शांतता, मग बेस

आपल्या मंडळाच्या एका बैठकीत प्रत्येकाने आवडीचं काहीतरी ऐकवायचं ठरलं होतं. कोणी भावगीत लावलं, कोणी नाट्यपद. मी न्यूक्लियाचा 'बेस रानी' लावला. मिनिटभरही झालं नसेल, मागून आवाज आला, "बंद कर गं तो डीजे, डोकं उठलं!" सगळे हसले, मीही हसले आणि बंद केला. पण उत्तर द्यायचं राहून गेलं. ते इथे देते.

न्यूक्लिया म्हणजे उदयन सागर. आधी अहमदाबादच्या 'बंदिश प्रोजेक्ट'मध्ये होता, नंतर एकटा काम करू लागला. 'बेस रानी' हा अल्बम त्याने २०१५ मध्ये मुंबईत गणपती विसर्जनाच्या वेळी आणला आणि लोकांना फुकट डाउनलोड करू दिला. त्यात 'लौंग गवाचा'सारखं जुनं पंजाबी लोकगीत आहे, 'जंगल राजा'मध्ये मुंबईच्या डिवाइनचं रॅप आहे. मिरवणुकीतला ताल आणि लंडनचं डबस्टेप एकाच ताटात वाढलेलं.

डबस्टेप २००० च्या आसपास दक्षिण लंडनमध्ये, क्रॉयडनच्या बाजूला जन्मलं. वेग मिनिटाला साधारण १४० ठोके. पण ताल असा टाकतात की अंगाला तो ७० चाच वाटतो. म्हणजे मधे भरपूर मोकळी जागा राहते. आणि याची खरी गंमत त्या मोकळ्या जागेत आहे. सूर हळूहळू चढत जातो, मग सगळं थांबतं. क्षणभर काहीच नाही. आणि मग खालून बेस येतो. याला 'ड्रॉप' म्हणतात.

हा ड्रॉप मी पहिल्यांदा अनुभवला तो इयरफोनवर नाही, तर वसईला आजोळी, चर्चमध्ये. आज्ञा गुरुवारी ग्लोरियाच्या वेळी घंटा वाजतात आणि त्यानंतर गप्प होतात. शुक्रवारी नुसती लाकडाची खटखट. शनिवारी रात्री अंधारात मेणबत्त्या घेऊन आपण उभे असतो, एकामागून एक वाचनं चालू असतात, लहान मुलं पेंगतात. मग ग्लोरिया सुरू होतो आणि दोन दिवस अडवून ठेवलेल्या सगळ्या घंटा एकदम सुटतात. अंगावर काटा येतो. त्या घंटा रोजच्याच असतात, मोठा असतो तो मधला उपास.

हे कोणाला पाखंड वाटेल, म्हणून एक सांगते. लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये 'डीएमझेड' नावाची डबस्टेपची गाजलेली रात्र भरायची, ती सेंट मॅथ्यूज चर्चच्या इमारतीतल्या क्लबमध्ये. क्लबचं नाव होतं 'मास'! तिथे तरुण पोरं अंधारात उभं राहून बेस अंगावर घेत.

आता समोरच्यांची बाजू. माझं घर आदिलाबादला. मिरवणुकीत घरासमोर डीजेची गाडी थांबली की खिडकीच्या काचा थरथरतात. शेजारच्या आजी छातीवर हात ठेवून आतल्या खोलीत जाऊन बसतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती कागदावरच राहते. त्या आजींना मी 'बेसचं सौंदर्य' समजावायला जाणार नाही. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

पण म्हणूनच म्हणते, बेस वेगळा आणि गोंगाट वेगळा. त्या गाडीवर चार-चार तास ड्रॉपवर ड्रॉप आदळत असतात, मधे श्वास नाही. शांतताच नसेल तर ड्रॉप कसला? आमच्या जिल्ह्यात गोंड लोकांची दंडारी असते. दिवाळीच्या दिवसांत गुसाडी मोरपिसांचे मुकुट घालून गावोगाव नाचत जातात. ढोल तिथेही घुमतो, छातीत घुमतो. पण दिवस सरले की दंडारी थांबते आणि पुढच्या वर्षाची वाट बघावी लागते. वाट बघायला लावणं हे त्या ढोलाला कळतं, डीजेच्या गाडीला कळत नाही.

आपण साहित्याचे विद्यार्थी. कवितेतल्या दोन ओळींमधल्या जागेवर आपण पानंच्या पानं लिहितो. मग तीच जागा संगीतात आली की 'डोकं उठलं' का म्हणायचं? नाही आवडलं तर नका ऐकू, पण आधी नीट ऐका तरी. मोबाइलच्या स्पीकरवर नको, त्यातून खालचा बेस जवळपास येतच नाही. बैठकीत मीही तीच चूक केली होती. चांगले हेडफोन घ्या, दिवा मालवा, आवाज बेताचा ठेवा, कानांची काळजी घ्या.

आणि मिनिटभरात बंद करू नका. त्या दिवशी तुम्ही "बंद कर" म्हणालात ना, तेव्हा ड्रॉप अजून यायचा होता.