दुसऱ्याची पाटी की आपले नाव?

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी यांसारख्या यंत्रमागाच्या गावांतील तरुणांच्या डोक्यात सध्या एक विचार घर करून बसला आहे. वडिलांचे माग विकायचे, आलेल्या रकमेत घरातील दागिन्यांची भर घालायची आणि एखाद्या मोठ्या कंपनीची फ्रँचायझी घेऊन मुख्य रस्त्यावर काचेचे दुकान उघडायचे. असाच एक तरुण आमच्या पेढीवर आला. सूत महाग, कोऱ्या कापडाला भाव नाही, विजेचे बिल डोईजड, ही त्याची तक्रार खोटी नव्हती. त्याने चाळीस पानांचा इंग्रजी करारनामा पुढे ठेवला आणि विचारले, "चाचा, सही करू का?" त्याने स्वतः त्यातील पहिली दोनच पाने वाचली होती. आम्ही म्हटले, "बेटा, उरलेली अडतीस आधी कोणाकडून तरी समजून घे. दोन पानांत कंपनी काय देणार ते असते, अडतीस पानांत तुझ्याकडून काय घेणार ते असते."

त्याच्यासारखे आणखी पुष्कळ तरुण असतील, म्हणून हा लेख.

फ्रँचायझी म्हणजे काय?

सोप्या भाषेत सांगायचे तर फ्रँचायझी म्हणजे नाव भाड्याने घेणे. पाटी, माल आणि पद्धत कंपनीची. जागा, भांडवल आणि मेहनत आपली. यात मुळात वाईट काही नाही. रेमंड कंपनीने 1958 साली मुंबईत बॅलार्ड इस्टेटला आपले पहिले खास दुकान उघडले. पुढे गावोगावी तिच्या नावाची दुकाने झाली आणि त्यांतील पुष्कळ दुकाने स्थानिक व्यापारीच चालवतात. तयार नाव मिळाल्याने गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून येते, ही त्यातील मोठी सोय. परंतु भाड्याचे घर कितीही सजवले तरी ते आपले होत नाही, हे लक्षात ठेवावे.

हिशेब सहीच्या आधी मांडावा. समजा, दुकानात 25 लाख रुपये घातले आणि महिन्याला 6 लाखांची विक्री झाली. नफ्याचे प्रमाण शेकडा 25 धरले तर दीड लाख हाती येतात. त्यातून जागेचे भाडे 50 हजार, नोकरांचे पगार 45 हजार, वीज 15 हजार, किरकोळ खर्च 10 हजार आणि विक्रीवर शेकडा 5 प्रमाणे रॉयल्टी 30 हजार. बेरीज बरोबर दीड लाख! दुकानदार महिनाभर उभा राहिला आणि घरी रिकाम्या हाताने गेला. कंपनीला मात्र तिचे 30 हजार मिळाले, कारण रॉयल्टी विक्रीवर असते, नफ्यावर नव्हे. विक्री 8 लाखांवर गेली तर 40 हजार उरतात. पण 12 लाखांची सजावट पाच वर्षांत जुनी होते असे धरले तर त्यातले 20 हजार दरमहा तिच्याच खाती गेले. व्याजाने कर्ज काढून दुकान थाटले असेल तर काय उरेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा. व्याजाच्या गुन्ह्याचा बोजा वेगळाच.

करारात काय पाहावे?

आपल्या देशात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. भांडण झाले तर 1872 चा करार कायदा आणि सही केलेला कागद, यांचाच मुख्य आधार. म्हणून पाच गोष्टी नीट पाहाव्यात. एक, विकला न गेलेला माल कंपनी परत घेणार की तो आपल्या गळ्यात राहणार. दोन, त्याच गावात दुसरे दुकान न देण्याची लेखी हमी आहे की नाही, आणि तोच माल कंपनी ऑनलाइन कमी भावात विकणार असेल तर आपले काय. तीन, अनामत रक्कम केव्हा आणि कोणत्या कपाती करून परत मिळणार. चार, मुदतीपूर्वी दुकान बंद करावे लागले तर दंड किती. पाच, वाद झाल्यास तो कोणत्या शहरात चालणार. दिल्लीच्या तारखा मालेगावच्या दुकानदाराला परवडत नाहीत.

करार चालू असताना दुसऱ्या कंपनीचा माल ठेवायचा नाही, अशीही अट असते. ही अट फोल आहे असे समजू नये. गुजरात बॉटलिंग आणि कोका कोला यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली करारकाळापुरती अशी बंदी योग्य ठरवली होती.

आणखी एक प्रकार वाढला आहे. "दुकान आम्ही चालवू, तुम्ही फक्त पैसे घाला, दरमहा ठरावीक रक्कम घरपोच मिळेल." नफा-तोटा काहीही झाला तरी भांडवलावर ठरलेली रक्कम मिळणे, हा व्यापार आहे की व्याज, हे आधी एखाद्या जाणत्या आलिमाला विचारावे. आणि व्यापारी म्हणून आम्ही सांगतो, ज्या धंद्यात तोटा कधीच नाही असे सांगितले जाते, तिथे मुद्दलच जाण्याची भीती असते.

आमच्याच अनुभवाची गोष्ट

आता दुसरी बाजू. आपण दुसऱ्याच्या नावासाठी लाखो रुपये मोजायला तयार होतो आणि आपल्या नावाची किंमत मात्र शून्य धरतो. मालेगावचे कोरे कापड पाली, बालोत्र्याला जाते. तिथे त्यावर रंग चढतो, छपाई होते, आणि ज्याचा शिक्का त्यावर बसतो त्याचे नाव होते. विणणाऱ्याचे नाव ताक्यावर कुठेच नसते.

आम्ही स्वतः ही चूक केली आहे. आमच्या लुंगीवर वीस वर्षे सुरईचा शिक्का होता. खानदेश, मराठवाड्याच्या बाजारांत गिऱ्हाईक "सुरईवाली द्या" म्हणून मागत असे. त्या शिक्क्याची नोंदणी करावी, हे आम्हाला कधी सुचले नाही. पुढे एका व्यापाऱ्याने तोच शिक्का हलक्या सुताच्या, पन्ह्याला कमी असलेल्या मालावर मारायला सुरुवात केली. तक्रारी आमच्याकडे येऊ लागल्या. वकिलाने सांगितले की नोंदणी नसली तरी आधीपासून नाव वापरणाऱ्याला कायदा संरक्षण देतो, फक्त पुरावा दाखवा. आम्ही वीस वर्षांची बिले काढली. प्रत्येक बिलावर "लुंगी, इतके डझन" एवढेच लिहिलेले! सुरईचा उल्लेख एकाही बिलावर नव्हता. बाजार ओळखत होता, कागद ओळखत नव्हता. शेवटी शिक्का आम्हालाच सोडावा लागला.

ही चूक टाळायला फार खर्च येत नाही. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याखाली नावाची किंवा चिन्हाची नोंदणी होते. एकट्या माणसाला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाला 4,500 रुपये शुल्क आहे. कापड 24 व्या वर्गात आणि तयार कपडे 25 व्या वर्गात येतात. अर्ज मान्य झाल्यावर तो जर्नलमध्ये छापला जातो, चार महिन्यांत कोणाचा विरोध आला नाही तर नोंदणी होते. ती 10 वर्षे टिकते आणि पुन्हा वाढवता येते. "उत्तम", "मजबूत" असली मालाचे नुसते वर्णन करणारी नावे सहसा मिळत नाहीत. वेगळे नाव शोधावे. मात्र बरकतीच्या हेतूने पवित्र नावे किंवा काबागृहाचे चित्र वेष्टनावर छापू नये. ते वेष्टन उद्या पायदळी जाते. धार्मिक भावना दुखावणारे चिन्ह कायदाही नाकारतो. आणि जे नाव घ्याल ते बिलावर, चलनावर, ताक्यावर सर्वत्र लिहा.

नाव टिकते कशावर?

नोंदणीने नावाला कुंपण मिळते, पण नाव मोठे होते ते मालाने. प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारात धान्याच्या ढिगापाशी थांबले. त्यांनी ढिगात हात घातला तर आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर, भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे, असे बजावले. आपल्या धंद्यात ओले धान्य कुठे असते, हे कापडवाल्यांना सांगायला नको. ताक्याचे वरचे पाच मीटर निर्दोष आणि आतले तुटक. नमुना एका सुताचा आणि गाठ दुसऱ्याची. दहाव्या ताक्यात तोच पन्हा, तेच माप, तोच रंग मिळाला की गिऱ्हाईक नाव लक्षात ठेवते. ब्रँड ब्रँड म्हणतात तो हाच. प्रेषितांना (स.) पैगंबरीपूर्वीच लोक "अल-अमीन" म्हणत. तो सचोटीचा लौकिक ऐकूनच हजरत खदीजा (रजि.) यांनी आपला व्यापारी माल त्यांच्यावर सोपवून त्यांना सीरियाकडे पाठवले होते.

एकट्याची ताकद कमी पडत असेल तर एकत्र यावे. 1959 साली मुंबईच्या गिरगावात सात भगिनींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत हे नाव उभे राहिले. आजही पापड अनेक घरांत लाटले जातात, पण नाव एक आणि चव एक. ट्रेडमार्क कायद्यात संघटनेसाठी सामूहिक चिन्हाचीही तरतूद आहे. वीस मागवाल्यांनी एक संस्था करावी, सुताचा दर्जा, पन्हा आणि माप ठरवावे, तपासणीला दोन माणसे नेमावीत आणि त्यात उतरेल त्याच ताक्यावर शिक्का मारावा. कोणी बिरादरीचा आहे म्हणून त्याचा हलका माल पास करू नये. आपल्या संस्था नेमक्या इथेच मोडतात, हे कटू असले तरी लिहिणे भाग आहे.

दिव्य कुरआनात सूरह अल-बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार घेण्याची आज्ञा आहे. नमाज-रोज्याचे पाबंद असलेले आम्ही व्यापारी लाखांचे सौदे तोंडी करतो आणि कंपनीच्या करारावर न वाचता सही करतो. दोन्ही सवयी सोडण्याची वेळ आली आहे.

त्या तरुणाने अखेर सही केली नाही. चोवीसपैकी बारा माग त्याने ठेवले आहेत आणि रुमाल, लुंगी आपल्या नावाने विकण्यासाठी ट्रेडमार्कचा अर्ज दाखल केला आहे. तो यशस्वी होईलच असे आम्ही म्हणत नाही; रिज्क अल्लाहच्या हाती आहे. पण उद्या त्याचे नाव झाले तर ते त्याच्या मुलांचे राहील, आणि पाच वर्षांनी कोणी येऊन ती पाटी उतरवून नेणार नाही.