शंकरपाळ्यांचा हिशेब मागणारे

"गरिबांना साखर आणि पामतेल वाटतात, मग मधुमेह होणार नाही तर काय!" राज्य सरकारने सणासाठी रेशनवर 'आनंदाचा शिधा' सुरू केल्यापासून हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता डोकंच फिरतं. बोलणाऱ्यापुढे गोड चहा असतो आणि बशीत पामतेलाचीच बिस्किटं. त्याच्या बिस्किटाचा हिशेब कुणी मागत नाही.

२०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत एकेक किलो रवा, चणाडाळ, साखर आणि लिटरभर पामतेल मिळालं. पुढच्या दिवाळीला मैदा आणि पोहेही आले. रेशन दुकानाच्या त्या रांगेत माझ्यापुढे शेजारच्या मावशी होत्या. मशीन त्यांचा अंगठा घेईना. जन्मभर लोकांची भांडी घासून रेषा राहिल्यात कुठे! त्यांनी अंगठा पदराला पुसला, केसांवरून फिरवला, तिसऱ्या खेपेला पावती निघाली. पिशवीत हात घालून त्यांनी आधी मैद्याचा पुडा चाचपला. "शंकरपाळ्या होतील गं पोरांना," म्हणाल्या. त्या शंकरपाळ्यांवर कुणी आरोग्याचं प्रवचन द्यावं, हे मला सहन होत नाही.

आरोग्याची एवढी काळजी आहे ना? मग बाकीच्या महिन्यांबद्दल बोला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळतं, म्हणजे दिवसाला पावणेदोनशे ग्रॅमसुद्धा नाही. तेही गहू-तांदूळ. कोरोनात, २०२० साली, केंद्राने घरटी महिना किलोभर डाळ दिली. म्हणजे देता येते! नोव्हेंबरनंतर ती बंद झाली, तेव्हा हे आरोग्यवाले कुठे होते? शाळेतल्या पोरांना आठवड्याला एक अंडं द्यायचं राज्याने २०२३ मध्ये ठरवलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा पैसा काढून घेतला. हवं तर लोकवर्गणी करा म्हणे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात पुरेसं रक्त नव्हतं, पाच वर्षांखालच्या शंभरातल्या पस्तीस पोरांची वाढ खुंटलेली होती. ही दशा दिवाळीच्या किलोभर साखरेने झालेली नाही. ताटात डाळ नाही, अंडं नाही, भाजी परवडत नाही, म्हणून झाली आहे.

पामतेलाऐवजी शेंगदाण्याचं तेल द्या म्हणत असाल, तर त्या अर्जावर पहिली सही माझी. पण "साखर बंद करा" एवढंच म्हणाल तर सरकार तेवढंच ऐकतं, कारण त्यात पैसे वाचतात. झालंही तसंच. २०२५ च्या दिवाळीला निधी नाही म्हणून शिधाच आला नाही. साखर गेली, पामतेल गेलं, त्यांच्या जागी डाळीचा दाणा आला नाही.

मावशी त्या महिन्यातही रांगेत होत्या. गहू-तांदूळ पिशवीत ओतून झाल्यावर पिशवीचं तोंड उघडंच धरून उभ्या राहिल्या. दुकानदार म्हणाला, "झालं मावशी, एवढंच आहे."