ट्रॅक्टरचा डायनॅमो : ठेवावा कीं बदलावा ?

दिवाळी उलटली कीं उसाचा हंगाम सुरू होतो, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील रस्त्यांवरून उसानें भरलेल्या ट्रॉल्या रात्रभर कारखान्यांकडे जाऊं लागतात. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरचे ट्रॅक्टरहि त्यांत असतील. या रस्त्यांनीं रात्रीं प्रवास करणारास एक गोष्ट चांगली ठाऊक आहे. पुढचे दिवे मिणमिणते आणि मागें ट्रॉलीला दिवाच नाहीं, असा ट्रॅक्टर अंधारांत वाट चालत असतो. मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वारास ती ट्रॉली दिसते, तेव्हां पुष्कळदां फार उशीर झालेला असतो. मालकास विचारावें, तर उत्तर ठरलेलें : "काय करणार ? दिवे लावले कीं बॅटरी उतरते." हें उत्तर खोटें नाहीं, परंतु त्यावर उपाय आहे, आणि तो योजणें ही केवळ सोय नसून कर्तव्य आहे, असें आमचें मत आहे.

बॅटरी कां उतरते, हें प्रथम पाहूं. चुंबक आणि तारेचें वेटोळें यांपैकीं एक दुसऱ्याजवळ हलविलें कीं तारेंत वीजप्रवाह उत्पन्न होतो, हें मायकेल फॅरेडे यांनीं १८३१ सालीं दाखवून दिलें. जुन्या ट्रॅक्टरवरील डायनॅमो याच तत्त्वावर चालतो. त्यांत चुंबक स्थिर असतो व तारांचीं वेटोळीं, म्हणजे आर्मेचर, फिरतें. उत्पन्न झालेली सर्व वीज कम्युटेटरवर घासणाऱ्या कार्बनांतून बाहेर घ्यावी लागते. आर्मेचर अति वेगानें फिरविल्यास त्याच्या तारा बाहेर फेकल्या जाण्याचें भय असतें, म्हणून त्याचा वेग बेताचाच ठेवावा लागतो. परिणाम असा कीं, एंजिन मंद चालू असतां डायनॅमो जवळजवळ कांहींच देत नाहीं. पूर्ण वेगांतहि तो बहुधा १० ते २० अँपिअर इतकेंच देतो.

आतां हिशेब करा. पुढचे ४५ वॅटचे दोन दिवे आणि ५ वॅटचे चार लहान दिवे मिळून ११० वॅट झाले. १२ व्होल्टच्या बॅटरीवर त्यांस ९ अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. कारखान्याच्या दाराशीं रांगेंत ट्रॅक्टर दिवे लावून व एंजिन मंद ठेवून उभा राहिला, कीं हा सारा भार बॅटरीवर पडतो. मग मालक दिवे मालवितो. आणि प्रथम मालवितो तो मागचा!

अल्टरनेटरची रचना याच्या उलट आहे. त्यांत चुंबक फिरतो आणि वेटोळीं स्थिर असतात. फिरत्या भागास चुंबकत्व येण्यापुरते थोडे अँपिअर द्यावे लागतात. मोठा प्रवाह स्थिर तारांतून निघतो. म्हणून तो अधिक वेगानें फिरवितां येतो, आणि एंजिन मंद असतांहि दिव्यांपुरती वीज देतो. ही वीज उलटसुलट वाहणारी असते. ती एका दिशेची करण्यास आंत सहा डायोड असतात. सिलिकॉनचे लहान डायोड निघाल्यावर ही योजना मोटारींत सोयीची झाली. अमेरिकेंत क्रायस्लर कंपनीनें १९६० सालच्या व्हॅलियंट मोटारींत ती आणली. डायोड वीज मागें फिरूं देत नाहींत, म्हणून डायनॅमोस लागणारा कटआऊट येथें लागत नाहीं.

या बदलास तीन आक्षेप ऐकूं येतात. पहिला, "जुनें तें सोनें." जो ट्रॅक्टर केवळ प्रदर्शनांत मिरवावयाचा, त्याचा डायनॅमो खुशाल राहूं द्यावा. ज्याच्यावर घर चालतें, त्याची गोष्ट निराळी. तरीहि काढलेला डायनॅमो भंगारांत न घालतां कापडांत गुंडाळून ठेवावा. पुढें कोणास यंत्राचें मूळ रूप परत आणावेंसें वाटल्यास तो उपयोगीं पडेल.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तो रास्त आहे. म्हणून आधीं पट्टा सैल आहे काय, कार्बन झिजले आहेत काय, अर्थिंगची तार गंजली आहे काय, हें पाहावें. पुष्कळदां दोष एवढाच असतो. परंतु हें सर्व करूनहि रात्रीं दिवे टिकत नसतील, तर वारंवार उतरून निकामी होणाऱ्या बॅटऱ्यांचा खर्चहि हिशेबांत धरावा.

तिसरा आक्षेप आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो. डायनॅमो गांवचा मिस्त्री उघडून, घासून, कार्बन बदलून चालू करितो. अल्टरनेटर बिघडला तर तालुक्याला जावें लागतें. हें खरें आहे. पण याचें उत्तर जुन्याला चिकटून राहणें हें नसून नवें शिकून घेणें हें होय. डायोड बरा कीं जळलेला, हें साध्या मल्टिमीटरनें पाहतां येतें, आणि आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस तें एका दुपारीं शिकतां येईल.

मात्र न समजतां केलेला बदल न करण्याहून वाईट. अमेरिकेंत १९४७ ते १९५२ पर्यंत निघालेल्या फोर्ड ८एन ट्रॅक्टरचें उदाहरण घ्या. तो ६ व्होल्टचा, आणि त्याच्या बॅटरीचें धन टोंक सांगाड्यास जोडलेलें असे. हल्लींच्या बहुतेक अल्टरनेटरांस १२ व्होल्ट आणि ऋण टोंक सांगाड्यास लागतें. म्हणून तेथें हा बदल करणारांस बॅटरी व दिवे १२ व्होल्टचे घ्यावे लागतात, इग्निशन कॉइल त्यास योग्य अशी करावी लागते, आणि अँपिअर मीटरच्या तारा उलटाव्या लागतात. बॅटरी उलटी जोडली गेली, तर डायोड क्षणांत जळतात. आपल्या घरच्या ट्रॅक्टरचेंहि कोणतें टोंक सांगाड्यास आहे, हें प्रथम पाहावें. अल्टरनेटर ३५ अँपिअर किंवा अधिकहि देऊं शकतो. म्हणून बॅटरीकडे जाणारी तार जाड घ्यावी व तीवर फ्यूज ठेवावा, नाहीं तर तार तापून आग लागावयाची. एंजिन चालू असतां बॅटरीची तार काढूं नये, आणि ट्रॅक्टरला कोठेंहि वेल्डिंग करण्यापूर्वी अल्टरनेटरच्या तारा सोडवाव्या.

पालकांस शेवटची एक विनंति. अल्टरनेटर बसविल्यानें ट्रॉलीचा दिवा आपोआप लागत नाहीं. त्याची तार, त्याचा प्लग आणि ट्रॉलीच्या पाठीवरील लाल रिफ्लेक्टर यांकडेहि पाहिलें पाहिजे. दिव्यांत पुरेसें तेल न घेतां निघालेल्या कुमारींचा दाखला आपल्या शाळेंत प्रत्येक मुलानें ऐकलेला आहे. त्यांची चूक त्यांनाच बाधली. परंतु दिव्यावांचून रस्त्यावर निघालेल्या ट्रॉलीची चूक परक्याच्या मुलास बाधते. आपल्या यंत्राची वीज आपल्या सोयीपुरतीच आहे असें न मानतां, मागून येणाऱ्या अनोळखी वाटसरूचाहि तिच्यावर हक्क आहे असें आपण मानावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.