श्वासाची चालती परीक्षा

इंदूरच्या एका वाचकभगिनीचे पत्र समोर आहे. त्यांच्या सासऱ्यांना दोन वर्षांपासून धाप लागते. वय 71. विडी-सिगारेटच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. फुप्फुसे राठ होत चालली आहेत, असे डॉक्टरांचे निदान आहे. बोटाला लावायच्या छोट्या यंत्रात बसल्या जागी शेकडा 96 असा आकडा दिसतो आणि तो पाहून घरातील सर्वांना हायसे वाटते. मात्र स्नान आटोपून न्हाणीघरातून बाहेर आले की ओठांवर निळसर छटा येते आणि बराच वेळ ते डोळे मिटून खाटेवर बसून राहतात. आता छातीच्या डॉक्टरांनी ‘सहा मिनिटे चालवून पाहू’ असे सांगितले आहे. ‘ज्यांना चालले की धाप लागते त्यांनाच मुद्दाम चालवायचे, ही तपासणी म्हणायची की शिक्षा?’ असा या भगिनींचा प्रश्न आहे. घरातील मंडळी नको म्हणतात. मामंजी स्वतः मात्र तयार आहेत.

माझ्या मते मामंजींचे बरोबर आहे. आणि घरच्यांची भीतीही अगदीच निराधार नाही. दोन्ही गोष्टी नीट उलगडून सांगावयाच्या तर प्रथम त्या 96 च्या आकड्याकडे वळावे लागेल.

फुप्फुसात कोट्यवधी वायुकोश असतात आणि त्यांच्या भिंतींना बिलगून अतिसूक्ष्म केशवाहिन्या वाहतात. रक्तातील तांबडी पेशी या केशवाहिनीतून जाताना, आपण स्वस्थ बसलेले असू तर, सुमारे पाऊण सेकंद वायुकोशाच्या सान्निध्यात राहते. निरोगी माणसात प्राणवायूने भरून निघायला तिला यातला तिसरा हिस्साच पुरतो. उरलेला वेळ ही निसर्गाने ठेवलेली शिल्लक होय. आपण चालू लागलो, जिना चढलो, की हृदय रक्त जोराने ढकलते आणि हा मुक्काम आखडतो. तरी शिलकीमुळे निरोगी माणसाचे काही अडत नाही. फुप्फुसाच्या भिंती जाड झालेल्या रुग्णात मात्र प्राणवायूला पलीकडे पोचायलाच वेळ लागतो. बसलेला असताना पुरा पाऊण सेकंद हाताशी असतो म्हणून काम कसेबसे निभते. चालताना गाडी फलाटावर जेमतेम टेकते आणि निम्मे उतारू खालीच राहतात. त्यात भर म्हणजे स्नायूंनी अधिक प्राणवायू ओढून घेतल्यामुळे परत येणारे रक्तही नेहमीपेक्षा रिते असते. म्हणून बसल्या जागचा 96 हा आकडा खोटा नसतो, पण तो अर्धीच हकीकत सांगतो. न्हाणीघरातली हकीकत त्याला ठाऊकच नसते.

हा प्रकार सर्व रुग्णांत सारखा नसतो. फुप्फुसे राठ होण्याच्या विकारांत चालताना प्राणवायू झपाट्याने उतरतो. वायुकोशांच्या भिंती फाटून मोठमोठ्या पोकळ्या झालेल्या रुग्णांतही उतरतो, कारण केशवाहिन्यांचे जाळेच तुटके झालेले असते. उलट श्वासनलिका अरुंद झालेल्या काही रुग्णांना भयंकर धाप लागते आणि प्राणवायू मात्र जागचा हलत नाही. त्यांची धाप छातीत कोंडलेल्या हवेची असते. धाप आणि प्राणवायूची उणीव या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे घरातल्यांनी आणि क्वचित आम्हा वैद्यकातल्या मंडळींनीही ध्यानात ठेवलेले बरे. शेकडा 82 वर उतरलेला रुग्ण ‘थोडे थकल्यासारखे वाटते’ एवढेच म्हणतो आणि 95 असलेला जीव जातोय की काय अशा घाबऱ्याने खिडकी गाठतो. चेहऱ्यावरून अंदाज बांधता येत नाही, मोजावेच लागते.

‘विडी न ओढता फुप्फुस कसे बिघडले?’ असेही पत्रात विचारले आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 2009 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या दीर्घकालीन फुप्फुसरोगाचा विस्तृत परामर्श घेतला होता आणि त्यात लाकूड-गोवऱ्यांच्या धुराला मोठे स्थान दिले होते. चुलीपुढे उमर घालविलेल्या आपल्या आज्या-मावश्या आठवाव्यात. राठ फुप्फुसांच्या बाबतीत माळव्यातील, ग्वाल्हेरकडील आणि हैदराबादच्या घरांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. भारतातील 19 शहरांमधील 1084 रुग्णांची एक नोंदवही 2017 साली प्रसिद्ध झाली. तीत जवळजवळ निम्म्या रुग्णांचा विकार श्वासावाटे जाणाऱ्या बुरशी, पक्ष्यांची विष्ठा यांसारख्या पदार्थांच्या वावड्यातून उद्भवणाऱ्या जातीचा निघाला, आणि उन्हाळी कूलरचा संबंध वारंवार आढळला. कूलरच्या सदा ओल्या राहणाऱ्या पडद्यांत बुरशी वाढते आणि रात्रभर तीच हवा तोंडावर येते. पत्रलेखिकेच्या घरी कूलर असल्यास आणि गच्चीवर पारव्यांचा वावर असल्यास डॉक्टरांना ते आपणहून सांगावे. बहुतेक ठिकाणी हा प्रश्न विचारलाच जात नाही.

आता बोटावरच्या यंत्राविषयी. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने 1974 साली याचे तत्त्व मांडले. प्राणवायूने भरलेले रक्त आणि रिते रक्त तांबडा प्रकाश व अवरक्त किरण निरनिराळ्या प्रमाणात शोषतात; नाडीच्या ठोक्यासरशी होणारा फरक तेवढा टिपला की धमनीतील रक्ताचा हिशेब लागतो, अशी ती सुरेख कल्पना. ज्या एप्रिल 2020 मध्ये हे यंत्र घरोघरी पोचू लागले होते, त्याच महिन्यात आओयागी वारले. यंत्र उत्तम, पण त्याच्या खोडी ठाऊक हव्यात. बोटे गार असली, हात हलत असला, नखांवर रंग किंवा काळी मेंदी असली की ते फसते. सावळ्या कातडीवर ते कधीकधी वास्तवापेक्षा अधिक आकडा दाखविते. नुकतीच सिगारेट ओढली असेल तर धुरातील विषारी वायूने व्यापलेले रक्तही ते प्राणवायूचेच समजते. शेकडा 90 च्या खाली एकेक अंक मोलाचा असतो, कारण तेथून पुढे उतार एकदम तीव्र होतो.

चालण्याच्या चाचणीचे मूळ गमतीचे आहे. अमेरिकी हवाई दलातील डॉ. केनेथ कूपर यांनी 1968 साली तरुण सैनिकांची ताकद जोखण्यासाठी 12 मिनिटांच्या धावण्याची कसोटी प्रसिद्ध केली. 1976 मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी जुनाट खोकल्याच्या रुग्णांसाठी धावण्याचे चालणे केले. 1982 साली 12 मिनिटांऐवजी 6 मिनिटेही पुरतात असे दिसून आले आणि तोच प्रघात पडला. सैनिकांची कवायत अशी वृद्धांच्या दवाखान्यात येऊन स्थिरावली.

चाचणीत दमवून टाकण्यासारखे काही नसते. सुमारे 30 मीटर लांबीचा सपाट, मोकळा मार्ग लागतो. दोन्ही टोकांना खूण असते. रुग्णाने आपल्या चालीने, सहा मिनिटांत जेवढे अंतर कापता येईल तेवढे कापावयाचे. थांबावेसे वाटले तर थांबावे, भिंतीला टेकावे, पुन्हा निघावे. घड्याळ मात्र चालूच राहते. तपासनीसाने पुढे चालून रुग्णाला ओढत नेऊ नये, मागून ठराविक शब्दांत धीर द्यावा. बोटावरचे यंत्र संपूर्ण वेळ चालू हवे आणि सर्वांत खालचा आकडा टिपला जायला हवा. चालून झाल्यावर खुर्चीत बसवून मोजले तर उपयोग नाही, तेवढ्यात आकडा वर सरकलेला असतो. आकडा 80 च्या खाली गेला, छातीत दुखले, चक्कर आली, तर चाचणी तेथेच थांबविली जाते. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा बसल्या जागीही छातीत कळ येत असेल, तर ती करीतच नाहीत. नेहमीची औषधे घेऊन, हलके खाऊन, पायात सवयीची वहाण घालून जावे. पहिल्या खेपेस माणूस बिचकतो, म्हणून जाणकार डॉक्टर शक्यतो दोनदा चालवून पाहतात. गर्दीच्या रुग्णालयात मोकळा व्हरांडा मिळणे ही खरी अडचण. दहा पावलांत वळावे लागणाऱ्या बोळातली चाचणी फारशी कामाची नाही. जागेबद्दल आधीच विचारावे, त्यात संकोच कसला?

घरातल्यांच्या भीतीचे उत्तर येथेच आहे. मामंजी रोज न्हाणीघरात ही परीक्षा देतच आहेत. फरक इतकाच, की तेथे आकडा पाहणारे आणि हाताशी प्राणवायू ठेवून उभे असलेले कोणी नसते. 2021 च्या साथीत महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याने घरच्या घरी सहा मिनिटे चालून पाहण्याचा सल्ला दिला होता, तो आपल्यापैकी अनेकांना नातेवाइकांकडून कळलेला असेल. तो नव्या संसर्गापुरता होता. जुन्या फुप्फुसविकाराच्या माणसाने एकट्याने ते करू नये आणि त्या वेळचे आकडे स्वतःला लावू नयेत.

मग आकडा उतरला तर प्राणवायूचे यंत्र घरी आणायचे का? येथे घाई नको. बसल्या जागीच ज्यांचा प्राणवायू फार कमी असतो, त्यांना तो दिवसाचे 15 तास किंवा अधिक दिल्यास आयुष्य वाढते, हे अमेरिका आणि ब्रिटनमधील 1980 व 1981 सालच्या दोन प्रयोगांनी दाखविले. तो पाया आजही ढळलेला नाही. केवळ चालताना उतरणाऱ्यांची गोष्ट निराळी. श्वासनलिकांच्या जुनाट विकाराच्या 738 रुग्णांवरील अमेरिकी प्रयोगाचा निष्कर्ष 2016 साली आला. बसता थोडी किंवा चालता उणीव असलेल्या या रुग्णांत प्राणवायूने ना मृत्यू टळले, ना रुग्णालयाच्या खेपा कमी झाल्या. राठ फुप्फुसांच्या रुग्णांना मात्र चालताना नळीतून प्राणवायू दिल्यास दैनंदिन जगणे सुसह्य होते, असे 2018 मधील ब्रिटनच्या एका लहान प्रयोगात आढळले. तो केवळ दोन-दोन आठवड्यांचा होता, हेही सांगितले पाहिजे. म्हणून नळी लावून पुन्हा चालवावे, अंतर वाढते का, धाप कमी होते का हे पाहावे आणि मगच खर्चात पडावे. शेजारच्या आजोबांनी यंत्र घेतले म्हणून आपणही घेणे हा शहाणपणा नव्हे.

आकडा कळल्याचा लाभ केवळ यंत्रापुरता नाही. स्नानासाठी न्हाणीघरात चौरंग किंवा खुर्ची ठेवता येते, गरम पाण्याची वाफ कोंडू न देता दार किलकिले ठेवता येते, अंग पुसण्याऐवजी जाड पंचा पांघरून बसता येते. श्वासाचे व्यायाम आणि बेताचे चालणे शिकविणारे वर्ग काही रुग्णालयांत असतात, तेथेही हाच आकडा आधाराला धरतात. आणि घरात बद्री-केदारचा बेत चालला असेल, तर तो आधी डॉक्टरांच्या कानावर घालावा. केदारनाथ साडेतीन हजार मीटरांहून उंच आहे. सपाटीवर सहा मिनिटांत ज्यांचा प्राणवायू उतरतो त्यांना तेथे बसल्या जागीही पुरणार नाही. विमानाच्या प्रवासातही आतील हवा काहीशी विरळ असते, याचा विचार व्हावा.

यंत्र घरी आलेच तर वीज जाण्याची सोय आधी पाहावी. एक भरलेली टाकी कोपऱ्यात असावी. नाकाशी तूप, तेल किंवा वाफेचा मलम लावू नये. नळी लावलेल्या माणसाने देवघरातील समईपासून, उदबत्तीपासून आणि स्वयंपाकाच्या शेगडीपासून निदान 3 मीटर दूर बसावे. आरतीचे तबक हातात घ्यायचे नाही, लांबूनच नमस्कार करावा.